जरा बाजूला व्हा!

बडोद्याच्या गोत्रीतल्या मोनोक्रोमरावांची वेगळी ओळख करून द्यायला नको. दांडिया बाजारातल्या वाड्यातला वाटणीचा हिस्सा विकून शहराच्या पश्चिमेला फ्लॅटमध्ये आलेल्या कुठल्याही मराठी घरात, नाहीतर त्याच जिन्यावर दोन मजले वर, ते सापडतातच. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी बँकेत किंवा रिफायनरीत, आणि कॅमेरा घरातल्या फ्रिजपेक्षा महाग. ते सहकुटुंब कच्छला जातात, धोरडोच्या पांढऱ्या रणात पौर्णिमा गाठतात आणि परतल्यावर जे फोटो दाखवतात त्यांत कुटुंब नसतं, उंट नसतो, ‘भुंगे’ म्हणतात ती गोल घरं नसतात, पौर्णिमासुद्धा नसते. खाली एक तृतीयांश पांढरं, वर दोन तृतीयांश जरा कमी पांढरं आणि उजव्या कोपऱ्यात एक ठिपका. नाव ‘मौन – १७’. ठिपका कशाचा, असं विचारणं असंस्कृतपणाचं मानलं जातं. बहुतेक वेळा त्या सासूबाई असतात. ‘जरा बाजूला व्हा, अजून थोड्या, अजून थोड्या’ असं ऐकत ऐकत त्या बिचाऱ्या तेवढ्या लांब पोचलेल्या असतात.

‘जरा बाजूला व्हा’ हा मोनोक्रोमरावांच्या कलेचा पहिला आणि शेवटचा मंत्र. घरच्यांना तो मराठीत, वाटसरूंना ‘जरा खसो ने, भाई’ असा गुजरातीत. सेवासीच्या वावेत, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीत, उतरले की पायऱ्यांवर बसलेली पोरं बाजूला. चांपानेरच्या जामा मशिदीत सहलीला आलेली अख्खी शाळा बाजूला, शिक्षिकेसकट. उत्तरायणाला साऱ्या बडोद्याचं आभाळ पतंगांनी खच्चून भरलेलं असताना हा गृहस्थ गच्चीच्या ज्या कोपऱ्यातून एकच पतंग दिसेल तो कोपरा शोधत दोन दिवस काढतो आणि शेवटी दोन पतंग आले म्हणून एक संगणकावर पुसतो. सेवउसळीच्या बशीचाही त्यांनी फोटो काढलेला असतो. त्यात तवंगाचा लालपणा नाही, सेव नाही, उसळही नाही. बशीची कड आहे. ‘मौन – २३’. इथवर हसून सोडून देता येईल. पण मोनोक्रोमराव नुसते फोटो काढत नाहीत, ते सिद्धांतही मांडतात: रंग म्हणजे गोंगाट, माणूस म्हणजे अडथळा, आणि काढून टाकत गेलं की शेवटी उरतं ते सत्य. सिद्धांत मांडला की तो तपासायची मुभा ऐकणाऱ्याला मिळते.

पहिला मुद्दा रंगाचा. कृष्णधवल म्हणजे आपोआप गंभीर, अशी एक समजूत जुन्या थोरामोठ्यांच्या कामामुळे पसरली आहे. त्या थोरांपैकी बऱ्याच जणांनी कृष्णधवल निवडलं ते निदान अंशतः नाइलाजाने, हे मात्र विसरलं जातं. रंगीत फिल्म महाग, ती धुवायची सोय दूर. काळी-पांढरी मात्र घरच्या अंधाऱ्या खोलीत स्वतः धुता येई. याचा उत्तम पुरावा बडोद्यातच आहे. तिथल्या विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स विभागाच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी एक असलेल्या ज्योती भट्ट यांनी १९६७ साली लोककलेवरच्या एका परिसंवादाच्या निमित्ताने गुजरातची खेडी कॅमेऱ्यातून टिपायला सुरुवात केली आणि पुढची कित्येक वर्षं लिंपलेल्या भिंती, अंगणातल्या रांगोळ्या, गोंदलेले हात यांचा पिच्छा सोडला नाही. फोटो बहुतांशी कृष्णधवल. पण त्या भिंतीपुढे ती भिंत रंगवणारी बाई उभी असते, तिच्या कडेवर पोर असतं, बाजूला खाट असते. रंग नसूनही त्या चौकटीत जागा उरत नाही. याच्या उलट टोकाला छायाचित्रकार रघुवीर सिंग. त्यांचं म्हणणं असं की हा देश रंगातच पाहायचा, काळं-पांढरं हे पाश्चात्त्य मनाच्या उदासीचं अपत्य. भट्टांचं काम समोर ठेवलं की हा दावाही जास्तच ताणलेला वाटतो. म्हणजे दोष काळ्या-पांढऱ्याचा नाही. मोनोक्रोमरावांना एवढा दिलासा द्यायला हरकत नाही, कारण पुढे द्यायला फारसं काही नाही.

यावर त्यांचं उत्तर तयार असतं: भट्टांनी दस्तऐवज केला, आम्ही अमूर्त करतो; अमूर्ताला बायका-पोरांची गरज काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तरही गोत्रीपासून फार लांब नाही. चित्रकार नसरीन मोहमदी १९७२ साली बडोद्याला आल्या आणि त्याच फाइन आर्ट्समध्ये शिकवू लागल्या. त्यांची रेखाचित्रं म्हणजे कागदावर मोजून-मापून ओढलेल्या रेघा. छायाचित्रं म्हणजे फत्तेपूर सिक्रीची फरसबंदी, रस्त्यावरचे पट्टे, समुद्राची कड, मागावरचे ताणलेले धागे. माणूस जवळजवळ नाहीच. पण तिथे कोणाला बाजूला केल्याची खूण दिसत नाही, कारण त्यांची नजर आधीपासूनच पायाखालच्या दोन दगडांमधल्या सांध्यावर होती. मागाचे धागे पाहताना विणकराची आठवण होते आणि पट्टा पाहताना रस्ता ओलांडणाऱ्याची. न दिसणारी वस्तू जाणवत राहते, आणि अमूर्ताकडून एवढी अपेक्षा ठेवायला काहीच हरकत नाही. ‘मौन – १७’ पाहून कच्छ जाणवत नाही. ते धोरडो असेल, ध्रुव असेल, नाहीतर दिवाळीआधी चुना मारलेली मागची भिंत असेल. आणखी एक फरक नोंदवायला हवा. नसरीनबाईंनी आपली छायाचित्रं हयातीत कधी प्रदर्शनात मांडलीच नाहीत. त्या १९९० साली अलिबागजवळच्या किहीमला वारल्या आणि २०१६ साली न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर या कलासंग्रहालयाचं दार त्यांच्या कामाच्या प्रदर्शनानेही उघडलं. मोनोक्रोमरावांचं मौन मात्र सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी सोसायटीच्या ग्रुपवर येतं, आणि नऊपर्यंत कोणी अंगठा दाखवला नाही तर पुन्हा येतं.

आता तंत्र. मोनोक्रोमरावांकडे दहा स्टॉपचा एनडी फिल्टर असतो. तो भिंगावर चढवला की प्रकाश हजार पटींनी कमी होतो आणि सेकंदाच्या साठाव्या भागात निघणाऱ्या फोटोला सतरा सेकंद लागतात. तेवढ्यात गोत्री तलावाचं पाणी दुधासारखं होतं आणि काठाने चालणारी माणसं विरून जातात. म्हणजे ‘बाजूला व्हा’ म्हणायचीही गरज नाही, यंत्रच परस्पर लोकांना घालवून देतं. ही युक्ती छायाचित्रणाच्या जन्माइतकीच जुनी आहे. छायाचित्रणाच्या जनकांपैकी एक असलेल्या दागेरने १८३८ साली पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो घेतला. तो उमटायला काही मिनिटं लागली, त्यामुळे धावणाऱ्या गाड्या, घोडे, माणसं सगळी नाहीशी झाली. ठळक उरला फक्त बूट पॉलिश करून घेत स्थिर उभा असलेला एक गृहस्थ. लगबगीत असलेले पुसले गेले आणि सेवा घेणारा इतिहासात गेला. दागेरचा नाइलाज होता. मोनोक्रोमराव हेच मुद्दाम पैसे भरून करतात, आणि तलावाच्या त्या निर्मनुष्य काठावर फिल्टर लावला नसता तर भाजीची पिशवी घेऊन घरी निघालेल्या बाया दिसल्या असत्या, हे सांगत नाहीत.

पण यात कोणाचं नुकसान झालं? हा शेवटचा आक्षेप, आणि खरा अवघड. प्रामाणिक उत्तर द्यायचं तर कोणाचंच नाही. गोत्री कालपरवापर्यंत शहराबाहेरचं गाव होतं. आता तिथे रुग्णालय, कॉलेज, दुकानांच्या रांगा आणि संध्याकाळी न हलणारी वाहनं. घरात दोन बेडरूम, माणसं पाच, टीव्ही एक. दिवसभर हिशेब, नाहीतर पाळी. शेजारी वरात, नवरात्रात नऊ रात्री लाउडस्पीकर. आयुष्यात ज्याला कोणी कधी ‘जरा बाजूला होतो हं’ असं म्हटलेलं नाही, त्या माणसाने सुट्टीत शेकडो किलोमीटर जाऊन दोन-चार हात मोकळी जागा चौकटीत पकडली, तर ती त्याची चैन आहे, गुन्हा नाही. सिद्धांत मागे घेतला तर फोटो ठेवायला हरकत नाही.

शिवाय तो सिद्धांत त्यांचा त्यांनीच पाळलेला नाही. लायका कंपनीने २०१२ साली केवळ कृष्णधवल टिपणारा डिजिटल कॅमेरा काढला. रंग न दिसण्याची किंमत काही लाखांत. मोनोक्रोमरावांनी त्याची माहितीपत्रकं पाठ केली, पण घराचे हप्ते चालू होते. म्हणून त्यांचा कॅमेरा साधा, रंग टिपणाराच. पडद्यावर त्यांना काळं-पांढरं दिसतं, पण रॉ फाइलमध्ये सगळे रंग जसेच्या तसे उतरतात, आणि संगणकावर कापलेली कडही फाइलमधून जात नाही. ‘मौन – १७’ची मूळ फाइल उघडली तर सासूबाईंची डाळिंबी साडी, मुलीचा उडणारा दुपट्टा, ‘आता पुरे झालं हो’ म्हणणारी बायको, चहावाला आणि उंटाची अर्धी मान, सगळं तिथे आहे. अशा फाइलींनी दोन हार्ड डिस्क भरल्या आहेत. सत्य उरण्यासाठी बाकीचं टाकून द्यायचं, तर ही अडगळ कधीच पुसायला हवी होती. मुलगी तसं सुचवतेही. मोनोक्रोमराव म्हणतात, असू दे, जागा कुठे खातंय, आणि तिसरी डिस्क मागवतात.