दाढीपुरतं गोडं पाणी

आमच्या घरात पाण्याची परीक्षा दोन ठिकाणी होते. एक स्वयंपाकघरात, तुरीच्या डाळीवर. दुसरी न्हाणीबाहेरच्या आरशापुढे, माझ्या गालावर. पाणी जड असलं की डाळ कुकरच्या सहा शिट्ट्यांना दाद देत नाही आणि माझ्या ब्रशाला फेस येत नाही. नांदगाव पेठेत आमच्याकडे पाणी दोन तऱ्हेचं, नळाचं आणि बोअरचं. कोणतं कुठलं, हे बायको डोळे मिटून सांगेल, मीही सांगेन. फरक इतकाच की तिच्या परीक्षेला घरात ‘स्वयंपाक’ म्हणतात आणि माझ्या परीक्षेला ‘रिकामे धंदे’.

“दाढीच करून राह्यले ना? का तोंडावर पेरणी करून राह्यले?” असा तिचा आतून सवाल येतो. मी उत्तर देत नाही. देता येत नाही. तोंड उघडलं की फेस आत जातो. संसारात बायकोच्या प्रश्नाला उत्तर न देण्याचं इतकं सज्जड कारण दुसरं मिळायचं नाही.

मागच्या दिवाळीत मुलानं पुण्याहून ट्रिमर आणला. “बाबा, दोन मिनिटांत होते. पाणीच नाही लागत.” पाणी लागत नाही, हे तो कौतुकानं सांगत होता! ज्या भाषेत एखाद्याची पुरती फजिती केली की ‘बिनपाण्यानं केली’ म्हणतात, त्या भाषेतल्या बापाला त्यानं बिनपाण्याचं यंत्र भेट दिलं. मी ते दोन दिवस वापरलं. तोंडावरून मुंगूस फिरून गेल्यासारखं वाटलं. सध्या ते बायकोकडे आहे. स्वेटरवरचे गोळे काढायला उत्तम चालतं म्हणते.

माझं हत्यार बाबांचं. बाबा शाळामास्तर होते आणि रेझर पितळी. वरचा मुलामा मुठीपाशी झिजून आतलं पिवळं दिसू लागलंय. मुठीचं बूड पिळलं की वरच्या दोन पाकळ्या उघडतात, मेणकागदातून काढलेलं ब्लेड आत निजवायचं, उलटं पिळलं की पाकळ्या मिटतात. किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन गृहस्थानं फेकून द्यायच्या ब्लेडाचा रेझर 1903 साली विकायला काढला, तेव्हा पहिल्या वर्षी खपले रेझर 51 आणि ब्लेडं 168. आमच्या हायवेवर नवी पानटपरी टाकणाऱ्याचाही पहिला आठवडा याहून बरा जातो. पण माणूस चिवट. 1904 साली पेटंट मिळालं आणि पुढं जगाच्या हनुवट्या त्याच्या ताब्यात गेल्या. मला त्याच्या धंद्यापेक्षा एकाच गोष्टीचं अप्रूप वाटतं. ब्लेडच्या मधल्या खाचेची नक्षी तेवढी बदलली, माप तेच राहिलं. त्यामुळे बाबांच्या रेझरला आजही पेठेतल्या किराणा दुकानातलं टोपाझ किंवा सेव्हन ओक्लॉक गपगुमान बसतं. माझ्या फोनला मागच्या फोनचा चार्जर बसत नाही.

वापरलेलं ब्लेड बाबा कधी फेकत नसत. आधी त्यांच्या दाढीतून, मग आईच्या उसवणीतून, मग आमच्या पेन्सिलींतून अशी त्याची उतरती भाजणी असे, आणि शेवटी ते पायाच्या कुरुपापाशी निवृत्त होई. अमेरिकेत जुन्या घरांत आणि हॉटेलांत आरशामागच्या कपाटाला एक फट ठेवत. ब्लेड त्यात टाकलं की थेट भिंतीच्या पोकळीत. भिंत भरल्यावर काय, हा प्रश्न पुढच्या पिढीचा. हे वाचलं तेव्हा अमेरिका मला पहिल्यांदा जवळची वाटली.

आता मुख्य विधी. आधी चेहरा कोमट पाण्यानं भिजवायचा, नुसता ओला करायचा नाही. ओलं करणं आणि भिजवणं यातला फरक शेतकऱ्याला सांगावा लागत नाही. दाढीचा केस कोरडा असताना तारेसारखा असतो. दोन-तीन मिनिटं पाणी पिऊ दिलं की मऊ पडतो. तोवर ब्रश कपात बुडवून ठेवायचा, मग झटकायचा, पण सगळं पाणी जाऊ द्यायचं नाही. स्टीलच्या वाटीत साबण घेऊन घोटायला लागायचं. आधी मोठे, फुसके बुडबुडे येतात. नवशिका इथंच फसतो आणि ते तोंडाला लावतो. घोटत राहावं, दोन थेंब पाणी द्यावं, पुन्हा घोटावं. मग बुडबुडे लहान होत होत दिसेनासे होतात, वाटीतला आवाज बदलतो, आणि ब्रश उचलला की मागं दह्याच्या कवडीसारखं शेंड्यावर वाकलेलं टोक उभं राहतं. हा फेस. बाकी सगळा साबणाचा गाजावाजा.

एक हात सुलटा, केसांच्या दिशेनं. पुन्हा फेस. एक हात उलटा. रेझर दाबायचा नाही. त्याच्याच वजनानं उतरू द्यायचा. गालावर तो ‘खर्र’ वाजतो, हनुवटीच्या खळीत ‘चर्र’. आवाज बंद झाला की समजावं, रान साफ. शेवटी तुरटीचा खडा. जिथं चुरचुरलं तिथं कापलं होतं, ही वार्ता तुरटी आरशाच्या आधी देते. माझी आजी असाच खडा पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या रांजणात फिरवायची, आणि तासाभरात गाळ तळाला जाऊन पाणी निवळायचं. माझा चेहरा मात्र इतकी वर्षं तुरटी फिरवूनही निवळलेला नाही, असं घरचं मत आहे.

मे महिन्यात या सगळ्याला वऱ्हाडी वळण मिळतं. पारा पंचेचाळिसाला टेकलेला, कूलर खोलीत भणभणतोय, आणि मी डावा गाल आटोपून उजव्याकडे वळेतो तिकडचा फेस वाळून पापुद्रा झालेला असतो. सारवलेली भिंत उन्हात तडकते तसा. म्हणून उन्हाळ्यात मी एकेक गाल वेगळा लावतो. हप्त्यांनी.

आजोबांच्या वेळी साबण नव्हताच. त्यांच्याकडे म्हाली यायचा, काखेत धोकटी मारून. अंगणातल्या कडुनिंबाखाली दोघं समोरासमोर उकिडवे बसत. तो पितळी वाटीत नुसतं पाणी घेई आणि आजोबांचे गाल बोटांनी चोळत राही, इतका वेळ की आजोबांना डुलकी लागे. मग चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा चारदा मागंपुढं करून कामाला लागे. त्याचं बलुतं सुगीत ज्वारीच्या रूपानं जाई. दाढी होईतो गावातल्या सगळ्या सोयरिकी, भांडणं आणि भाव त्याच्या तोंडून बाहेर येत, आणि आजोबांना मान हलवायचीही सोय नसे. संत सेना महाराजांनी आपल्या अभंगात याच धोकटीतला आरसा आणि चिमटा काढून विवेक-वैराग्य सांगितलं, ते मला म्हणूनच पटतं. गळ्यावर वस्तरा असताना ऐकलेलं माणूस सहसा विसरत नाही.

घरचं हे असं सुखाचं. घर सोडलं की दाढीची परीक्षा सुरू होते.

बडनेऱ्याहून रात्री गाडीत बसायचं आणि सकाळी मुंबईत उतरायचं, हा आम्हा अमरावतीकरांचा जुना प्रघात. काम सकाळी दहाला, म्हणून दाढी गाडीतच. जुन्या डब्यांतला नळ कुणी काढला असेल त्याला मी मनापासून मानतो. त्याची दांडी खालून वर दाबून धरली तरच पाणी. हात काढला की बंद. म्हणजे एक हात नळाला, एक हात रेझरला, एक हात गाल ताणायला आणि एक हात तोल सांभाळायला. विष्णू असता तर सहज जमलं असतं. मी कोपरानं दांडी दाबायला शिकलो. मागं टूथपेस्ट लावलेले ब्रश घेऊन पाच जण रांगेत. एकदा कल्याणच्या अलीकडे गाडीनं सांधा बदलला आणि माझ्या मिशीनंही. डावीकडची राहिली, उजवीकडची अर्धी गेली. मागून आवाज आला, “काकाजी, होऊन राह्यलं का?” मी वळून पाहिलं. पोरगा एवढंच म्हणाला, “चालू द्या, चालू द्या.” उरलेली मिशी मी समानतेच्या तत्त्वावर काढून टाकली. मुंबईत पोचलो तर ज्यांच्या घरी उतरायचं होतं त्या मावसभावानं दार उघडून “कोण पाहिजे?” म्हणून विचारलं.

2025 च्या एप्रिलमध्ये अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं विमान सुरू झालं. म्हटलं, आता या नळाची कटकट नाही. दाढीचं सामान हातातल्या पिशवीत टाकून निघालो. नियम होता, वाचला नव्हता, चूक माझीच. तपासणीतल्या पोरानं पिशवीतून पाच ब्लेडांची पुडी काढली आणि उन्हात धरून नोट पाहावी तशी पाहिली. “हे काय आहे काका?” “दाढीचं ब्लेड.” “असं असतं?” त्याच्या तोंडावर दाट, कोरीव, तेल लावलेली दाढी होती, मी कुणाशी बोलतोय हे मला तेव्हा कळलं. ब्लेडं तिथं राहिली. रिकामा रेझर त्यानं आदरानं परत केला, एखाद्या बंदूक नसलेल्या सैनिकाला सलाम करावा तसा.

पण मुंबईचं पाणी! तानसा, वैतरणा, भातसा या तलावांत साठलेला पाऊसच तो. कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी पुडी आणली, मावसभावाच्या न्हाणीत ब्रश फिरवला, आणि फेस वाटीतून उतू जाऊन मनगटावर आला. इतका फेस मी आयुष्यात पाहिला नव्हता. खोली दहा बाय दहाची, डबे तुडुंब, माणसाला माणूस लागतोय. पण दाढी करावी ती मुंबईतच. त्या शहरात लोक का राहतात, याचं मला समजलेलं एवढंच कारण आहे.

आणि याच्या बरोब्बर उलट टोकाला माझी सासुरवाडी. दर्यापूरच्या अलीकडे, खारपाणपट्ट्यात. अकोला, अमरावती, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेला हा पट्टा. जमीन काळीभोर, खोल, कापूस आणि तूर मातबर पिकवणारी, आणि खालचं पाणी खारट. विहीर खणली तर पाणी लागतं, पण ते ना पिकाला चालत, ना माणसाला. शहानूर धरणाचं पाणी नळानं आलं, ते ‘गोडं पाणी’. ते जपून भरून ठेवायचं. बाकी आंघोळ-धुणं खाऱ्यावर.

लग्नानंतर पहिल्यांदा राहायला गेलो तेव्हा यातलं मला काही माहीत नव्हतं. सकाळी पाटावर बसून वाटी घोटायला घेतली. फेस येईना. साबण वाढवला. दह्याचं ताक फुटावं तशा कण्या पाण्यावर तरंगायला लागल्या. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला पकडून त्याचा चोथा करतात, वर मीठ असलं की साबण विरघळायलाही तयार नसतो. हे मला पुढं कळलं. त्या वेळी मी साबणाच्या कंपनीला मनात शिव्या घातल्या. दारात दोन मेहुणे आणि शेजारची पाच-सात पोरं जवाई पाहायला उभी. दाढीला बसलेला माणूस उठला तर काय म्हणतील?

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत मला एक कळशी दिसली. झाकलेली, घासून लख्ख केलेली. सासूबाई मागं गोठ्याकडे होत्या. मी तांब्या बुडवला. चव पाहिली. गोडं! मग काय विचारता. सुलटा हात झाला, उलटा झाला, हौसेनं तिसराही झाला. मुखमार्जन सढळ झालं. पोरं प्रभावित झाली. कळशी मात्र तळाला गेली होती.

दुपारी पंगत बसली. सासऱ्यांनी वरणभाताचा पहिला घास घेतला आणि दाताखाली काहीतरी कडकन वाजलं.

“आज डाय कच्ची काऊन?”

कुणी बोलेना. तूर त्यांच्याच वावरातली, चूल तीच, सुगरण तीच. जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशींना घट्ट धरून ठेवतं, म्हणून ती मऊ होत नाही. म्हणजे माझ्या फेसाचा आणि त्या डाळीचा वैरी एकच. पण हे शास्त्र सांगायची ती वेळ नव्हती. सासूबाईंनी शांतपणे भातावर तूप वाढलं. नंतर माझ्या गुळगुळीत, चकाकत्या गालांकडे एकदा पाहिलं. मग पदर सावरून म्हणाल्या, “गोडं पाणी संपलं होतं.” एवढंच. बायकोनं पानातून डोळे वर केले नाहीत, पण तिचे खांदे हलत होते. मी त्या दिवशी तीन वाट्या वरण खाल्लं. एकेक दाणा चावून.

पुढच्या खेपेला गेलो. सकाळी उठून न्हाणीपाशी आलो तर आरशाखालच्या फळीवर स्टीलचा एक पेला ठेवलेला होता, वर ताटली झाकून. आतून सासूबाईंचा आवाज आला, “जवाईबुवा, दाढीचं पाणी काढून ठेवलं बरं.”

पेला लहानच होता. सुलट्या हाताला पुरेल एवढा. उलट्या हाताला मंजुरी नव्हती.