सवलत दिवसा, सर जागे रात्री

"अहो वैनी, भिंतीजवळ या की जरा! कोपऱ्यावरच्या सरांची इलेक्ट्रिक गाडी बघितली? पेढे दिले, पण गंमत पुढंच आहे. काल रात्री बारा वाजता अंगणात खुडबुड. मला वाटलं चोर! बघते तर सर, टॉर्च घेऊन वायर जोडतायत."

"बारा वाजता कशाला?"

"मुलगा कॅलिफोर्नियात ना त्यांचा. तिथं गाडीवाल्यांना वेगळा प्लॅन निवडता येतो, मध्यरात्रीनंतर वीज स्वस्त. म्हणून हे इथं जुळे सोलापुरात जागतायत! आपल्या घरगुती बिलात तर उलटं. टीओडी, म्हणजे वेळेप्रमाणे वीज मोजणारा मीटर असेल तर 1 जुलै 2025 पासून सकाळी 9 ते संध्याकाळी 5 सवलत, सुरुवातीला युनिटमागं 80 पैसे."

"दिवसाच का ओ?"

"सौर वीज दिवसाच येते, ती खपायला नको? फताटेवाडीचं एनटीपीसीचं वीज केंद्र कोळशावर रात्रीपण चालतंय, ऊन कुठनं आणणार रात्री!"

"आमच्या ह्यांनी तो मीटर बसवूच दिला नाही. पळतो म्हणतात."

"जुन्या मीटरला वेळ कळत नाही, मग सवलत कशी मिळायची? आणि इलेक्ट्रिक घेतलीत तरी तुमच्या ह्यांची गाडी दिवसा बँकेच्या दारात. सवलत घरात, गाडी बँकेत!"

"मग आमचं नुकसानच की."

"कसलं नुकसान! महिन्याला हजार किलोमीटर फिरलात तर दीडशे युनिटं लागतील. सगळी दिवसा भरली तरी 80 पैशांच्या हिशेबानं 120 रुपये वाचतात. शेंगा चटणीचा एखादा पुडा येईल. खरी मेख स्लॅबमध्ये आहे. शंभरपर्यंत एक दर, 300 पर्यंत दुसरा, 500 पर्यंत तिसरा, त्यावर चौथा. तुमची किती येतात?"

"अडीचशेच्या आसपास."

"त्यात दीडशे घाला. चारशे! वरची शंभर तिसऱ्या दरानं. मे महिन्यात एसी लागला की पाचशेपण पार."

"अगं बाई, सगळ्यालाच वरचा दर?"

"नाही ओ, वरच्या युनिटांनाच. म्हणून तर छतावर सोलर बसवायचं मनावर घ्या म्हणते. 3 किलोवॅटला केंद्राचं 78 हजार अनुदान आहे, आणि ऊन सोलापूरला कधी कमी पडलंय? पण गाडी आणायच्या आधी वायरमन बोलवा. सरांनी मिक्सरच्या बोर्डातून एक्स्टेंशन ओढलंय, बघूनच धस्स झालं. साधा चार्जरसुद्धा तीन किलोवॅट खेचतो. वेगळा 16 अँपिअरचा पॉइंट, चांगलं अर्थिंग पाहिजे, आणि बिलावरचा मंजूर भार पुरतो का तेही बघायचं."

"सरांना सांगितलं का हे?"

"सांगते की आज. निवृत्त माणूस, नवा मीटर बसलाय, गाडी दिवसभर दारातच. नाश्ता झाल्यावर लावा आणि रात्री झोपा म्हणावं. तुम्ही मात्र आधी वर्षभराची बिलं काढा. बाराही महिन्यांची युनिटं बघितल्याशिवाय ह्यांना शोरूमला पाठवू नका."