मागचे-ब्रेकवाले

रविवारी सकाळी जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर चौकला वडापावच्या गाडीपाशी थांबलात, तर मागचे-ब्रेकवाले हमखास भेटतात. द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी असल्यामुळे पनवेलकडून बोरघाटाला निघालेली हेल्मेटधारी मंडळी याच रस्त्याने येतात, इथे चहाला टेकतात आणि त्यांच्या तावडीत सापडतात. मागचे-ब्रेकवाले ही एक व्यक्ती नव्हे, जमात आहे. वय पन्नाशीपुढचं, सायकल काळी, दांड्याची, आणि समोरच्याची सायकल लाखाची असली तरी सल्ला एकच: “पुढचा ब्रेक दाबायचा नाही हां. कोलांटी खाल.” त्यांच्या स्वतःच्या सायकलचा पुढचा ब्रेक हा भाजीची पिशवी अडकवायचा अवयव आहे, त्याचं रबर दुकानातून आलं तसं कोरं. मागचं रबर मात्र इतकं झिजलेलं, की लोखंडच रिमला घासतं. ते करकरायला लागलं की रिमला खोबरेल तेलाचं बोट. मग आवाज थांबतो, सायकल थांबत नाही. ती थांबवण्यासाठी आधी घंटी, मग “ओ, बाजूला!” आणि शेवटी चप्पल, अशी त्रिस्तरीय व्यवस्था असते. त्यातूनही काही झालंच, तर ‘ब्रेक फेल झाला’. जणू ब्रेक वर्षभर अभ्यास करत होता आणि ऐन परीक्षेत त्याने दगा दिला.

आता त्यांचा सिद्धान्त तपासू. ब्रेक लागला की सायकल मंदावते, पण अंगाला पुढे जायची ओढ असते. त्यामुळे भार पुढच्या चाकावर जातो आणि मागचं हलकं होतं. हलक्या चाकाची रस्त्यावरची पकड कमी, म्हणून मागचा ब्रेक जोरात दाबला की चाक जाम होतं आणि सायकल फरफटत जाते. रस्त्यावर काळा पट्टा उमटतो, मागचे-ब्रेकवाले तो कौतुकाने दाखवतात. खरं तर तो वाया गेलेल्या टायरचा हिशेब असतो. कोरड्या डांबरावर, एकटा स्वार असताना, पुढचा ब्रेक नीट वापरला तर सायकल निव्वळ मागच्या ब्रेकच्या साधारण निम्म्या अंतरात थांबते. ताशी 30 किलोमीटर वेगाला पुढच्या ब्रेकने सुमारे 7 मीटर लागत असतील, तर मागच्याने 14. शिवाय डोळ्यांनी पाहून बोटं आवळेपर्यंतच्या एका सेकंदात 8 मीटर गेलेले असतात, ते वेगळेच. जुन्या हायवेवर वळणाऱ्या टेम्पोच्या बाबतीत हे 7 मीटर म्हणजे टेम्पोच्या अलीकडे की टेम्पोखाली, एवढाच प्रश्न आहे.

पण या मंडळींना मूर्ख ठरवून मोकळं होणं अन्यायाचं होईल, कारण त्यांचा अनुभव खोटा नाही. तो फक्त दुसऱ्या सायकलचा आहे. ज्या सायकलवर ते शिकले तिच्या कॅरियरला दुधाचे कॅन असत, किंवा धान्याचं पोतं, किंवा बायको आणि नळीवर बसलेलं पोर. मागे एवढं वजन असलं की मागचं चाक सहजी हलकं होत नाही, आणि मागचा ब्रेक खरोखर चांगला लागतो. त्यात दांड्याच्या ब्रेकचं रबर लोखंडी रिमला आतून वर दाबलं जातं. पावसात ओलं झालं की तो ब्रेक नुसता सांत्वन करतो. अशा गाडीवर वेग आधीपासून आवरून धरणं हेच शहाणपण होतं. चूक एवढीच, की कॅन उतरले, ॲल्युमिनियमची रिम आली, डिस्क आल्या, वेग दुप्पट झाला (आणि वेग दुप्पट झाला की थांबायचं अंतर चौपट होतं), तरी सल्ला तोच राहिला.

“अहो, पण माणसं पुढे फेकली जातात ती आम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत,” हा त्यांचा हुकमी एक्का. जातात, मान्य. पण बहुतेक वेळा सायकल थांबते आणि सैल हातांचा स्वार थांबत नाही, म्हणून. कोपर ताठ धरून हँडलला रेटा दिला, बूड सीटवर मागे सरकवलं आणि ब्रेक एकदम न आवळता चढत्या जोराने दाबला, तर कोलांटीची पाळी सहसा येत नाही. मागचं चाक हलकं वाटू लागलं की बोटं जरा सैल करायची, एवढंच. त्यांचा दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. खडीवर, शेवाळावर, पावसात रंगवलेल्या पट्ट्यांवर पुढचं चाक घसरलं तर सावरायला वेळच मिळत नाही, मागचं घसरलं तर मिळतो. मोरबे धरणाकडच्या आतल्या रस्त्यांवर जुलैत त्यांचंच ऐकावं: वेग आधी कमी करावा, वळणात शिरण्यापूर्वी ब्रेक उरकावा आणि वळणात सायकल ब्रेकविना जाऊ द्यावी.

घाट उतरताना मात्र दोन्ही ब्रेकची कसोटी लागते. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. उतरणाऱ्याला किताब नाही, जिवंत पोचणं हेच बक्षीस. खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत सायकल सुमारे 500 मीटर खाली येते. स्वार आणि सायकल मिळून 90 किलो धरले, तर त्या उतरणीची सगळी ऊर्जा लिटरभराहून जास्त पाणी उकळायला पुरेल. थोडी हवा खाते, बाकीची ब्रेक आणि रिमला सोसावी लागते. म्हणून सतत ब्रेक धरून उतरणाऱ्याची रिम तापते, कधी ट्यूबही फुटते. थोडा वेळ जोरात दाबावा, मग सोडावा, दोन्ही ब्रेक वापरावेत.

एक शेवटचं. आपल्याकडे सहसा उजव्या हाताचा ब्रेक पुढचा असतो. अमेरिकेहून आलेल्या सायकलला तो डावीकडे असतो. पुतण्याने तिकडून सायकल आणली, की मागचे-ब्रेकवाले निष्ठेने डावा दाबतात आणि आयुष्यात प्रथमच पुढचा ब्रेक लावतात, तोही पूर्ण ताकदीने. तेव्हा परकी सायकल हातात आली की आधी तिच्या बाजूने चालत दोन्ही ब्रेक एकेक करून दाबून पाहा, कुठलं चाक थांबतं ते बघा आणि मगच बसा.