नाणेघाटातील जकात

मुलांना लेणी दाखवावीत हा संकल्प जितका उदात्त, तितकीच त्याची अंमलबजावणी गुडघ्यांना महाग पडते. आंध्रातील बोर्रा गुहेत रंगीत दिव्यांनी पाषाण नटविले आहेत. मुरबाडच्या अंगाने नाणेघाटास जाणाऱ्याच्या नशिबी मात्र दिवा नाही, तिकीट नाही, आणि चढणीवर दयाबुद्धीने थांबणारे वाहनही नाही.

शहापुराहून किन्हवली, सरळगाव, टोकावडे अशी मजल दरमजल करीत आम्ही वैशाखऱ्यास पोहोचलो, तोवर शिदोरीतील निम्मा ऐवज चिरंजीवांच्या उदरी जमा झाला होता. चढणीस आरंभ होताच आठ वर्षांच्या त्या गृहस्थांनी "गुहा खालीच का नाही खोदली?" असा सवाल केला. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून जुन्नराकडे जाणारा माल याच वाटेने वर चढे, आणि बैल व व्यापारी दोघेही दमून निमूटपणे पैसे देतील अशाच ठिकाणी सरकार जकात बसविते, हे मी त्यांना सविस्तर निवेदन केले. परंतु निवेदन संपण्यापूर्वीच श्रोते वानरांच्या मागे गेले होते.

गुहेत शिरल्यावर मी यथाशक्ति गंभीर झालो. १८२८ साली साइक्स नामक इंग्रज अधिकाऱ्याने जगाच्या नजरेस आणलेला हा प्राकृतातील ब्राह्मी लेख सातवाहनांची राणी नागनिका हिचा मानला जातो; त्यात यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, गावे नि कार्षापणे ही तत्कालीन नाणी यांची यादी आहे, आणि त्यातील आकडे भारतीय अंकलेखनाच्या अतिप्राचीन नमुन्यांत मोडतात. एका दक्षिणेची रक्कम चोवीस हजार चारशे कार्षापणे आहे हे ऐकताच चिरंजीवांची विद्वत्ता जागृत झाली. "एवढे कोण मोजत बसलं?" हा त्यांचा प्रश्न मला पुष्कळ पंडितांच्या प्रश्नांहून मार्मिक वाटला, कारण वंशगौरवापेक्षा हिशेबनिसाची कीव प्रथम येणे हे निरोगी मनाचे लक्षण होय.

सहा वर्षांच्या कन्येचे लक्ष मागच्या भिंतीकडे होते. तेथे एके काळी राजा, राणी व कुमार यांच्या मूर्ती होत्या. आता वर नावे आणि खाली पायांचे अवशेष, एवढाच राजपरिवार शिल्लक आहे. "देवळात चपला बाहेर ठेवतात, तसे हे पाय ठेवून आत गेलेत का?" असे तिने विचारले, आणि सौभाग्यवतींनी तत्काळ डबा उघडून संशोधनास विराम दिला.

घाटमाथ्यावरील दगडी रांजण पाहिल्यावर मात्र इतिहासाने मुलांचा कबजा घेतला. जकातीची नाणी यात पडत, असे आमच्या वाटाड्या दादांनी सांगण्याचा अवकाश, कन्यारत्नाने रांजणाशेजारी ठाण मांडून माणशी एक चिक्की असा दर जाहीर केला. दादांनी खिशातले आवळे काढून बिनतक्रार भरणा केला. अन्नपूर्णेस माफी असावी, ही सौभाग्यवतींची दरख्वास्त विचाराधीन राहिली. चिरंजीवांनी हरकत घेतली की आपण ठाणे जिल्ह्याचे रहिवासी, हा माथा पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात, सबब वसुली बेकायदेशीर आहे. ती हरकत पूर्ण ऐकून घेऊन जकातदारीणबाईंनी त्यांच्या हातातील चिक्कीच जप्त केली.