वालाची रोपे पिवळी पडण्याविषयी सविस्तर

ती. आई व बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

घरात उगवलेली वालाची रोपे अंगणात नेली की आठवड्याभरात पिवळी पडतात. त्यामागे दृष्ट हे कारण सहसा नसते. न्यू जर्सीत मेच्या मध्यापर्यंत दव गोठण्याची भीती असल्याने बी एप्रिलमध्ये स्वयंपाकघराच्या खिडकीतच लावले जाते. हे बी बहुधा इंडियन ग्रोसरीतल्या कडव्या वालांचे, म्हणजे बिरड्याच्या तावडीतून सुटलेले असते.

निदानाचा पहिला प्रश्न : पिवळे पान कुठले? अगदी खालची दोन जाड दले खरी पाने नव्हेतच, त्या डाळिंब्याच असतात. त्यांतला साठा रोपाने खाऊन संपवला की त्या पिवळ्या होऊन गळतात. त्यांचा फोटो अलिबागच्या फॅमिली ग्रुपवर टाकल्यास ताक, राख आणि गोमूत्र हे उपाय सुचवले जातात. त्यांवर एकमत होण्यापूर्वी डाळिंब्या गळून गेलेल्या असतात.

वरच्या पानांवर पांढुरके-पिवळे चट्टे दिसले तर ते उन्हाचे. खिडकीच्या मंद उजेडात वाढलेले पान पातळ असते, आणि काच अतिनील किरणांचा बराच भाग अडवते. असे पान थेट दुपारच्या उन्हात गेले की त्यातले हरितद्रव्य करपते. म्हणून रोपांना आठवडा-दहा दिवस बाहेरची सवय लावावी लागते : आधी तासभर सावलीत, मग सकाळचे ऊन, मग पूर्ण दिवस. कुंड्यांच्या या रोजच्या ने-आणीला घरातल्या जावयांनी व्यायामात धरले आहे.

सबंध रोपच फिकट पडले तर थंडीचा संशय घ्यावा. हवामानाच्या अंदाजात ‘रात्री ५० अंश’ असते, ते ऐकून अलिबागला हाय खाल्ली जाते. पण हे फॅरनहाइट आहेत, म्हणजे आपले अवघे १०. माती १६ अंश सेल्सियसच्या खाली असली की वालवर्गीय मुळे मंदावतात, मातीत अन्न असूनही उचलत नाहीत. इथे खत घालून काही साधत नाही, वाट पाहावी लागते. पाणी घालणे तर अधिकच वाईट. थंड, चिकण मातीत पाणी साचले की मुळांना हवा मिळत नाही आणि खालची पाने पिवळी पडतात. ती पाहून घरातले प्रत्येक माणूस दुसऱ्याला न सांगता आणखी एक तांब्या ओतते.

खालची पाने पिवळी, माती मात्र नुसती ओलसर, असे असेल तर नत्र कमी पडले आहे. वाल हवेतले नत्र वापरतो खरा, पण स्वतःच्या बळावर नव्हे. मुळांवरच्या गाठींत राहणारे रायझोबियम गटातले जिवाणू ते काम करतात. गाठी धरून कामाला लागायला साधारण तीन-चार आठवडे जातात, थंडीत त्याहून जास्त. शिवाय कोणताही जिवाणू चालत नाही. मराठी माणूस नव्या गावी गेला की आधी मंडळ शोधतो, आणि शेजारच्या गल्लीतले दुसऱ्यांचे मंडळ त्याला चालत नाही, वालाचेही तेच. फरसबी मूळची अमेरिका खंडातलीच, तिचे जिवाणू वेगळे. वालाला चवळीच्या गटाचे लागतात. रायगडात भात काढल्यावर उरल्या ओलीवर वाल पेरतात, तिथे हे जिवाणू मातीत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. परक्या मातीत ते नसण्याचीच शक्यता जास्त. म्हणून पेरतानाच चवळी गटाचे जिवाणू-संवर्धक गुळाच्या पाण्यात कालवून बियांना चोळावे. पाकिटावर नुसते ‘फरसबीसाठी’ लिहिले असेल तर ते परत ठेवावे.

खात्री करायची तर एक रोप उपटून गाठ कापावी. आत गुलाबी-लाल रंग असला तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असली तर नाही. गाठीच नसतील तर थोडे कंपोस्ट द्यावे. युरियाचा हात सैल सोडला की रोप आयत्यावर बसते आणि गाठी धरतच नाही.

उलट कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह मिळत नाही. मातीचा सामू साडेसातच्या वर गेला की असे होते. न्यू जर्सीची माती बहुतेक ठिकाणी आम्ल असल्याने हा प्रकार सिमेंटच्या भिंतीलगतच संभवतो.

पूर्ण पिवळे पडलेले पान सहसा पुन्हा हिरवे होत नाही, त्यामुळे त्याच्याकडे रोज बघून उपयोग नाही. उपाय लागू पडला की नाही हे नव्या पानावरून ठरवावे.

कळावे, लोभ असावा.

तुमची लेक

ता. क. : शेंगा कधी, या प्रश्नाचे उत्तर. वालाच्या बऱ्याच जुन्या जाती दिवस लहान झाल्याखेरीज फुलत नाहीत, आणि इथे जूनमध्ये दिवस १५ तासांचा असतो. सप्टेंबरात फुले आली तरी ऑक्टोबरात दव गोठू लागते. तेव्हा बाबांनी भाजीची चौकशी दर रविवारी करू नये.