कठड्याला रंग, पायाला रामराम

पावसाळी शनिवारी भंडारदऱ्याच्या वाटेवर दोन गोष्टी हमखास तुंबतात, नाले आणि गाड्या. घोटीकडून आलेली मुंबई आणि अकोल्याकडून आलेलं पुणं एखाद्या अरुंद पुलावर समोरासमोर येतात, कुणीच गाडी मागे घेत नाही, आणि काचा खाली करून एकमताने ठराव होतो: पूल रुंद करा!

करता येतो. जुने खांब तसेच ठेवून दोन्ही बाजूंना कॅन्टिलिव्हर स्लॅब बाहेर काढायचा, हा स्वस्तातला मार्ग. पण वाढलेला सगळा भार त्याच म्हाताऱ्या पायावर. दुसरा मार्ग म्हणजे जुन्याला खेटून नवे खांब. त्यात गोची अशी, की जुना पाया जेवढा खचायचा तेवढा केव्हाच खचलेला असतो. नव्याला आता कुठे सुरुवात होते. दोन्ही स्लॅब एकजीव केले तर तडा नेमका सांध्यावर. म्हणून शहाणा इंजिनिअर मध्ये लांबीभर फट सोडतो. मग फट दिसली की गावात बोंब: काम निकृष्ट!

दुरुस्तीचीही विद्या आहे. जॅक लावून वरचा भाग उचलायचा, झिजलेली बेअरिंगं बदलायची, गंजलेल्या सळया उघड्या करून साफ करायच्या, तड्यांत इपॉक्सी भरायचं, खांबांना काँक्रीटचं जॅकेट चढवायचं. अंधेरीचा बर्फीवाला पूल नव्या गोखले पुलाशी जुळेना, तेव्हा 2024 मध्ये तो उचलून जुळवलाच की: एका बाजूला 1397 मिलिमीटर, दुसऱ्या बाजूला 650. उंची आधीच का जुळली नाही, असं विचारून उत्सवात विघ्न आणू नये.

आडवाटेच्या पुलाच्या नशिबी मात्र येतो तो पिवळा-काळा रंग. गुडघे झिजलेल्या आजोबांना नवा फेटा!

कारण पुलाचं खरं दुखणं खाली, पाण्यात. पुराचं पाणी खांबाला आपटून भोवरे करतं आणि पायाजवळची वाळू, गोटे उपसून नेतं. पूर ओसरताना तोच खड्डा गाळाने पुन्हा भरतो. म्हणजे पाणी उतरल्यावर पाहणीला आलेल्या साहेबांना नदी सपाट, पूल ठणठणीत, आणि चहा तयार.

महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात गेला, दोन एसटी गाड्या घेऊन. त्याच वर्षी मे महिन्यात त्याची तपासणी झाली होती आणि तो वाहतुकीला योग्य ठरला होता. नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला, 2017 च्या जूनमध्ये खुला झाला. म्हणजे घाई आपल्याला जमते; माणसं गेल्यानंतर.

पूल पडला की व्हॉट्सअ‍ॅपवर ते पत्रही येतंच: बांधणाऱ्या इंग्रज कंपनीने म्हणे कळवलं होतं, पुलाची मुदत संपली. पत्र कुणी पाहिलेलं नसतं. आपल्या पुलाचं वय साहेबाने लंडनहून सांगावं, ही आशा मात्र स्वातंत्र्यानंतरही टिकून आहे.

भंडारदऱ्याचं धरणसुद्धा साहेबाच्याच अमदानीतलं, 1926 मध्ये पुरं झालेलं. 1969 मध्ये त्या दगडी भिंतीला तडे गेले. तेव्हा लंडनच्या टपालाची वाट न बघता भिंतीच्या पाठीला काँक्रीटचे भरभक्कम टेकू दिले गेले, आणि प्रवरा आजही अडलेली आहे. पर्यटक फोटो काढतात ते अंब्रेला फॉलचे; टेकूंना कोण विचारतो?

कुंडमळ्याला इंद्रायणीवर तर टेकूचीही तसदी नव्हती, पाटी होती: पूल धोकादायक. 15 जून 2025, रविवार, पाटीसमोरूनच गर्दी पुलावर गेली. पूल कोसळून चार माणसं दगावली. पाटी लावली की खात्याचं काम संपतं आणि वाचली की पर्यटकाचं.

तेव्हा रुंदीकरण जरूर मागा. फक्त भूमिपूजनाच्या दिवशी, नारळ फुटायच्या आधी, माइक हातात घेऊन एवढं विचारा: जुना पाया बघायला पाण्याखाली कोण उतरलं होतं, आणि कधी?