बारदान्याचा मोजा : सजावटीसंबंधी मार्गदर्शक सूचना

सदर सूचना अमेरिकेत मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या, आणि चौथ्या महिन्यात 'बाबा, तुम्ही नाहीतरी बसलेलेच आहात, तर...' हे वाक्य ऐकलेल्या समस्त आजोबांकरिता आहेत. इतरांनी वाचल्यास हरकत नाही.

माझा या विषयातला अधिकार असा : अमरावतीला सामाजिक वनीकरणात मी एकतीस वर्षं काढली. झाडांच्या सहवासात नव्हे, झाडांच्या फायलींच्या सहवासात. तरीही 'नैसर्गिक साहित्य' या विषयात घरात माझ्याइतका लायक माणूस नाही असं चिरंजीवांचं मत पडलं आणि नातीचा नाताळचा मोजा माझ्या टेबलावर वर्ग झाला.

प्रथम मोजा समजून घ्या. हा पायात घालायचा नसतो, भिंतीला टांगायचा असतो. तो गुडघ्याएवढा असतो आणि एकच मिळतो. दुकानात जोडी मागू नये. मी मागितली. कापड जाडंभरडं, तागाचं. आपल्याकडे त्याला बारदाना म्हणतात आणि त्यात तूर भरतात. इथे त्याला बर्लॅप म्हणतात आणि तो रिकामाच विकतात, डॉलरमध्ये. सजावट आपण करायची.

मोजाच का, हेही माहीत असू द्या, कारण नात विचारते. आजच्या तुर्कस्तानात, तेव्हाच्या मायरा गावी, चौथ्या शतकात निकोलस नावाचे बिशप होते. एका गरीब बापाच्या तीन मुली हुंड्यावाचून घरात राहिल्या होत्या, म्हणून या गृहस्थांनी रात्री गुपचूप सोनं आत टाकलं आणि ते वाळत घातलेल्या मोज्यात पडलं, अशी दंतकथा. म्हणजे एवढ्या गोड सणाच्या मुळाशी हुंडा निघाला. आमची ही म्हणाली, "जगात कुठेही जा." पुढे १८२३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉयच्या वर्तमानपत्रात एक निनावी कविता छापून आली. तीत धुराड्यापाशी मोजे टांगलेले आहेत आणि सांता येतो आहे. तेव्हापासून मोजा पक्का झाला. सोन्याच्या गोळ्याची आठवण म्हणून मोज्याच्या टोकात संत्रं घालायची चाल आहे. हे संत्रं लक्षात ठेवा.

आता साहित्य. सार्वजनिक उद्यानातून काहीही उचलू नये. शेजाऱ्याच्या अंगणातून विचारून उचलावं. शेजारी आनंदाने हो म्हणतो, कारण एरवी तेच सगळं त्याला रविवारी स्वतः गोळा करून फेकावं लागतं. आमच्या शेजाऱ्याने मला वर एक टोपलीही दिली आणि उद्याही या म्हणाला.

पाइनकोन, म्हणजे पाइन झाडाचं लाकडी बोंड, ही या सजावटीतली मुख्य वस्तू. बोंड मेलेलं असतं, पण ते तसं मानत नाही. ओल लागली की खवले मिटून घेतं, कोरडं झालं की उघडतं. बी कोरड्या वाऱ्यावर सुटावं म्हणून झाडाने केलेली ती व्यवस्था आहे. पावसात वेचलेली मिटलेली बोंडं ही खराब म्हणून फेकून मी दुसरी शोधत फिरलो. ती फेकू नयेत, घरात आणून ठेवावीत, रात्रीत उघडतात. मात्र त्यांच्या आत राहणारी मंडळीही रात्रीतच बाहेर येतात. निसर्ग घरात आणायचा तर त्याचे भाडेकरूही येतात, हे गृहीत धरा.

म्हणून भट्टी. ट्रेवर फॉइल अंथरून बोंडं ओव्हनमध्ये २०० अंशांवर पाऊण तास ठेवावीत. २०० वाचून दचकू नये, हे फॅरनहाइट आहेत. आपल्या हिशेबाने ९३, म्हणजे चहाचं आधणसुद्धा याहून गरम. फॉइल विसरू नये. बोंडात राळ असते, ती वितळून खाली गळते, धूर होतो आणि छतावरची घंटा सुरू होते. ती बंद करायला चिरंजीवांना खुर्चीवर चढावं लागतं, आणि नेमकी तेव्हाच त्यांची मीटिंग चालू असते. साहेबाला मी चिरंजीवांचा सासरा वाटलो की बाप, ते कळलं नाही, पण त्याने हात हलवला.

दुसरी वस्तू एकॉर्न. ओकचं फळ, डोक्यावर खवल्यांची टोपी. आम्ही राहतो त्या न्यू जर्सीचा राज्यवृक्षच रेड ओक, त्यामुळे मालाला तोटा नाही. इथे आपल्या लोकांचा जो बाजार आहे त्या रस्त्याचं नावही ओक ट्री रोड, तिथे मला ढोकळ्यापासून ढोलकीपर्यंत सगळं दिसलं, ओक तेवढा दिसला नाही. एकॉर्नमध्ये अळी असते. बाहेरून फळ निरोगी, तकतकीत. आठवड्याने त्याला सुईने पाडल्यासारखं गोल भोक पडतं आणि पांढरी, गुबगुबीत अळी सूनबाईंच्या गालिच्यावर फेरफटक्याला निघते. उपाय आपल्या शेतकऱ्याचाच. बियाणं पाण्यात टाकतात तशी फळं पाण्यात टाकावीत. तरंगलं ते पोकळ, फेकावं. बुडलं ते ठेवावं, आणि तेही भट्टीतून काढावं. टोपी वेगळी होतेच, ती गोंदाने पुन्हा बसवावी. मी चाळीस टोप्या बसवल्या. त्यांत मापाच्या किती बसल्या हे विचारू नये, सगळ्या कुणाच्या ना कुणाच्या डोक्यावर आहेत.

संत्र्याच्या चकत्या हा माझ्या जिल्ह्याचा विषय, म्हणून थोडं सविस्तर. आमचं वरूड-मोर्शी संत्र्याचं. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. पण या कामाला आपलं संत्रं नालायक आहे, हे मी छातीवर दगड ठेवून लिहितो. त्याची साल सैल, फोडी सुट्या. आडवी सुरी घातली की चकती न निघता फोडींचा ढीग पडतो. इथलं नेव्हल संत्रं खायला हट्टी, साल सोडत नाही, म्हणूनच चकतीला उत्तम. भारतात करणाऱ्यांनी मोसंबी घ्यावी. जाडी अर्धा सेंटिमीटर, पुन्हा तेच २०० अंश, तीन ते चार तास, मधूनमधून उलटावं. हाताला चिकट लागली तर झालेली नाही. घाईने काढलेल्या चकत्यांना पाचव्या दिवशी बुरशी येते, तीही नैसर्गिकच, पण मोज्यावर शोभत नाही. चकती उजेडात धरली की रंगीत काचेसारखी दिसते. त्या चार तासांत घरभर असा वास सुटतो की मला वरूडचा बाजार आठवला आणि मी एक डुलकी काढली. चकत्या किंचित तपकिरी झाल्या त्या यामुळे.

दालचिनी, चक्रीफूल, लवंगा आणि तमालपत्र ही मसाल्याच्या डब्यातून घ्यावीत असं इंग्रजी मार्गदर्शनात असतं. ते लिहिणाऱ्याच्या घरी मसाल्याचा डबा नसावा. मी सहा दालचिन्या उचलल्या तेव्हा ही म्हणाली, "मोज्याला दालचिनी लावा, आणि पुलावात मी मोजा घालते." मसाला स्वतंत्र विकत आणावा. इथल्या वाणसामानाच्या दुकानात मिळते ती दालचिनी बहुतेक कॅसिया, जाड सालीची, दोन्ही बाजूंनी आत वळलेली. चवीला ती उजवी नाही, पण मोज्याला चव कुठे कळते? बांधायला तीच बरी, खरी दालचिनी पापुद्र्यांची असल्यामुळे दोरा आवळताच चुरते.

होली नावाच्या झुडपाची लाल फळं सुंदर दिसतात. लावू नका. लहान मुलाने किंवा कुत्र्याने खाल्ली तर उलट्या होतात, आणि आमच्याकडे दोघेही आहेत. क्रॅनबेरी सुईने ओवता येते, पण बारदान्यावर डाग पाडते.

आता वेल. इथे मी सूचनांचा क्रम सोडतो.

मोज्याच्या तोंडाभोवती गुंडाळायला काहीतरी रानटी, गावरान हवं असं मला वाटलं. शेजाऱ्याच्या ओकवर अंगठ्याएवढी वेल चढलेली होती, अंगभर तपकिरी केस, एखाद्या जुन्या काथ्याच्या दोरासारखी. पान एकही नाही. मी हातभर तुकडा ओढून काढला, सोलला, वळवला, मोज्याला बांधला, आणि समाधानाने तोच हात कपाळावरून फिरवला. तिचं नाव पॉयझन आयव्ही. तीन पानांचा झुबका दिसला की लांब राहा, असं इथल्या मुलांना बालवाडीपासून शिकवतात. आपल्याला तीन पानं ठाऊक ती बेलाची, आणि ती आपण देवाला वाहतो. शिवाय डिसेंबरात पानंच नसतात, केस असतात, आणि तेल वेलीत बारा महिने असतं. केसाळ वेल म्हणजे हीच, हे दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याने सांगितलं. तेव्हा माझं कपाळ टरारून उठलेलं होतं.

या तेलाचं नाव उरुशिऑल. आणि खरी शरमेची गोष्ट अशी, की वेलीचं कूळ पाहिलं तर ती आपल्या बिब्ब्याची चुलत बहीण निघाली. काजू, चारोळी, आंबा, बिब्बा, सगळे एकाच घरातले. मेळघाटात बिब्बा अंगावर उतलेले लोक मी पाहिलेत. आंब्याच्या चिकाने ओठ सुजलेली पोरं पाहिलीत. ज्याच्या फायली मी एकतीस वर्षं हलवल्या त्याच कुळाने मला सातासमुद्रापलीकडे ओळखलं, मी त्याला ओळखलं नाही. आंबा हा महाराष्ट्राचा राज्यवृक्ष, तेव्हा हे दुखणं मी सरकारी नात्यातलंच धरतो. 'बिब्बा घालणे' हा वाक्प्रचार अमेरिकेतही चालतो, फक्त उच्चार वेगळा आहे.

सूचना एवढीच : हात लागलाच तर ताबडतोब साबणाने धुवावा, बाह्या आणि कात्रीही धुवावी. वेल जाळू तर मुळीच नये, धूर छातीत जातो. तो मोजा हातमोजे घालून दोन पिशव्यांत बांधून फेकला. तेल त्यावर महिनोन् महिने टिकतं. सूनबाईंनी कपाळाला गुलाबी औषध लावलं, आणि मी दुसऱ्या मोज्याला बसलो. पुन्हा एकच मिळाला.

जोडणीबद्दल थोडक्यात. गरम गोंदाची बंदूक मिळते. ती वापरण्याआधी मोज्यात पुठ्ठा सरकवावा, नाहीतर गोंद बारदान्यातून झिरपून मोज्याच्या दोन्ही बाजू आतून चिकटतात आणि दिसायला उत्तम, पण भेटवस्तू आत न जाणारा मोजा तयार होतो. (हा दुसरा मोजा.) तिसऱ्याला मी सुई-दोरा घेतला. तागाच्या विणीत दाभण सहज जातं, आणि शिवलेलं बोंड पुढच्या वर्षी काढताही येतं. सजावट वरच्या पट्टीपुरती ठेवावी.

टांगण्याची जागा म्हणजे शेकोटीवरची फळी. आमची शेकोटी बटणावर चालते, धुराडं नाही. सांता मग येणार कुठून, असं नातीने विचारलं. सूनबाईंनी सांगितलं, गॅरेजमधून, त्याला कोड दिलेला आहे. बटण मात्र टेप लावून बंद केलं. सुकी बोंडं, राळ आणि बारदाना यांच्याखाली विस्तव पेटवण्याइतके आम्ही रसिक नाही.

नाताळच्या पहाटे तीनला धप्प आवाज झाला. नऊ बोंडं, सतरा एकॉर्न आणि आतला ऐवज यांचं वजन आकड्याला पेललं नव्हतं. टोप्या सगळीकडे उडाल्या. सकाळी नातीने मोजा जमिनीवरच रिकामा केला, टोकातून संत्रं निघालं, आणि "आबा, हे तुम्ही सोला," म्हणून माझ्या हातात दिलं. साल निघता निघेना. पाच जणांत दोन-दोन फोडी आल्या. ठीक होतं. वरूडचं नव्हे.